बॉनेटखालची पट्टी

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ विश्राम कुशनवाल्याची पत्र्याची शेड होती. बापाच्या वेळेपासून त्यांच्याकडे टांग्याच्या गाद्या शिवून मिळायच्या. लढाई संपली, लष्कराच्या गाड्या लिलावात निघाल्या, ज्याला घोडा परवडत नव्हता तोही मोटार घ्यायला लागला, तेव्हा विश्रामकाकानं टांग्याबरोबर मोटारींच्या सीटा भरायलाही सुरुवात केली. गोदा त्याच्याकडे कामाला लागली ती अठ्ठेचाळीसच्या दिवाळीनंतर. दाभण चालवायचं काम बायकांचं नव्हे, असं चार लोक बोलून गेले. पण तिच्या टाक्याला बोट ठेवायला जागा नसायची, आणि घरात दुसरं मिळवणारं कोणी नव्हतं, हे बोलणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

तिचा नवरा दौलत ड्रायव्हर होता. मूळचे ते महाडकडचे. कल्याणच्या उस्मानशेठची लाकडाची वखार होती, त्यांची गाडी तो चालवायचा. गाडी अमेरिकन होती, गडद हिरव्या रंगाची, पुढून रुंद जबड्यासारखी. आठवडाभर तो वखारीतच झोपायचा आणि शुक्रवारी शेठ नमाजाला गेले की गाडी धुवायच्या निमित्तानं ठाण्याला घरी यायचा. चाळीसमोरच्या विहिरीपाशी गाडी उभी राहायची. तो साबणाचा हात मारायचा, गोदा फडकी पिळून द्यायची. खोलीत म्हातारी सासू होती, एकच खोली होती. नवराबायकोचं जे काही बोलणं व्हायचं ते त्या गाडीच्या आडोशालाच.

गोदाला अक्षर येत नव्हतं. दौलतनं एकदा बॉनेट उचललं आणि आत पत्र्याच्या भिंतीवर रिबिटांनी ठोकलेली हाताच्या बोटाएवढी लांब पट्टी तिला दाखवली. म्हणाला, "ही गाडीची जन्मपत्रिका. सगळं इथं लिहिलेलं असतं. वाचणारा पाहिजे."

"काय लिहिलंय?"

"वरच्या ओळीत साल. एकोणचाळीस. त्याच्यापुढं घाट, म्हणजे कसल्या आकाराची गाडी ते. त्याच्याखाली बॉडीचा नंबर. ह्या घाटाच्या इतक्या गाड्या निघाल्या, मग आपली निघाली. मग आतल्या कापडाचा नंबर. शेवटी रंगाचा. कोणी उद्या हिला काळी केली, लाल केली, सीटा बदलल्या, तरी पट्टी खरं सांगते."

अक्षरं राहू दे, आकडे तरी शीक, असा त्यानं धोशा लावला. गोदाचं बोट धरून तो पट्टीवर फिरवायचा. ठोकलेले इंग्रजी आकडे बोटाला लागायचे. वर एकोणचाळीस. खाली दोन, सहा, एक, चार. कापड एकतीस. रंग दोनशे आठ. मग तिला बाजारातल्या पाट्यांवरचे भाव वाचता यायला लागले आणि ती हसायला लागली, की मी गाडीच्या पोटात डोकं घालून शाळा शिकले.

सत्तेचाळीसच्या दसऱ्यानंतर उस्मानशेठनी कराचीला जायचं ठरवलं. जावई तिथं होता. वखार दुसऱ्याच्या हाती गेली, गाडीवर मात्र शेठचा जीव होता. ती बोटीनं न्यायची ठरली, आणि शेठ दौलतला म्हणाले, "तू दोन महिने चल. मला तिथला ड्रायव्हर मिळाला की तुला परत पाठवतो." चांगला मालक होता, दौलतला नाही म्हणवलं नाही. पौषात एक खलाशी निरोप घेऊन आला, की दौलत खुशाल आहे, संक्रांतीनंतर येतो. त्यानंतर कराचीत दंगल झाल्याचं लोक बोलायला लागले, आणि दौलतचं काहीच कळलं नाही. निरोप नाही, बातमी नाही.

सासू गंगुबाई एकच सांगायची, "माझा मुलगा जिवंत आहे. कुंकू पुसायचं नाव काढायचं नाही." गोदानं काढलंही नाही. पण चाळीत हळदीकुंकू असलं, की तिला बोलावणं यायचं आणि ओटी भरायची वेळ आली की भरणारीचा हात घुटमळायचा. मग कोणीतरी म्हणायचं, अगं भर, भर. ते ऐकण्यापेक्षा न गेलेलं बरं, असं करत करत गोदानं जाणंच सोडलं.

अशी चार वर्षं गेली.

बावन्न सालच्या चैत्रात कल्याणच्या निर्वासितांच्या कँपातला एक सिंधी माणूस काळी गाडी घेऊन शेडीवर आला. चाळिशीचा, उंच, पांढरा लेंगा, वर कोट. गाडी तो स्वतःच चालवत होता. स्टेशनपासून कँपापर्यंत भाड्यानं फिरवतो म्हणाला. "सीट सब बैठ गया है, काका. नवीन भरून द्या. गुरुवारी नेतो." एवढं बोलून तो स्टेशनाकडे गेला.

गोदानं मागची सीट उचलून अंगणात घेतली आणि उसवायला बसली. वर रेक्झिन होतं, जागोजाग फाटलेलं. त्याच्याखाली फुलाफुलांचं छिटाचं कापड. त्याच्याखाली गोणपाट. गोणपाट ओढलं तेव्हा अगदी तळाला, स्प्रिंगांना चिकटून राहिलेला, मूळ कापडाचा तुकडा निघाला. बदामी रंगाचं कापड, त्यात केसाएवढी बारीक तपकिरी रेघ.

तिचे हात थांबले. ह्या कापडावर ती कधी बसली नव्हती. मालकाच्या सीटवर ड्रायव्हरच्या बायकोनं कसं बसायचं. पण काचेतून पाहिलं होतं, शुक्रवारामागून शुक्रवार.

"काका, हे कापड..."

विश्रामकाकानं चष्मा वर केला. "असलं कापड शंभर गाड्यांना असतं, गोदे."

"बॉनेट उघडा."

"का गं?"

"उघडा ना."

म्हाताऱ्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं बॉनेट उचललं. पत्र्याच्या भिंतीवर पट्टी होती, पण गाडीबरोबर तीही काळ्या रंगात बुडाली होती. गोदानं फडकं रॉकेलमध्ये भिजवलं आणि घासायला लागली. रंग चिवट होता. नखानं खरवडला. बोट लागण्याइतपत पट्टी मोकळी झाल्यावर तिनं खालच्या दोन ओळींपासून सुरुवात केली.

"कापड एकतीस," ती म्हणाली.

"म्हणजे हे कापड या गाडीचं मूळचंच. एवढंच कळतं त्यातनं," काका म्हणाला. आता तोही वाकून पाहत होता. "रंग?"

"दोनशे आठ. म्हणजे हिरवा."

"गाडी तर काळी आहे."

"पट्टी खरं सांगते, काका."

विश्रामकाकानं चाकू घेतला आणि दरवाजा उघडून बिजागरीच्या आतल्या बाजूला, जिथं गिऱ्हाइकाची नजर जात नाही तिथं, हलकेच खरवडलं. काळ्याखाली आणखी एक काळा थर निघाला आणि त्याच्याखाली हिरवा. गडद, शेवाळासारखा. काकानं अंगठ्यानं तो रंग पुसून पाहिला.

"अगं, पण त्या सालच्या हिरव्या गाड्या कितीतरी असतील. उगीच आशा लावून घेऊ नको. वरचा नंबर बघ. तो जुळला तर बोल."

बॉडीच्या नंबरावरचा रंग निघायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. दोन. सहा. एक. चारचं पोट रंगानं भरलं होतं. तिनं दाभणाच्या टोकानं ते कोरून काढलं. मग त्याच्यावरची ओळ. एकोणचाळीस. पुढची घाटाची अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण त्यांचा आकार तिच्या बोटाला पाठ होता.

काकानं तिला बसायला पिंप उलटं करून दिलं आणि आतून पाणी आणलं.

गुरुवारपर्यंतचे ते दिवस गोदानं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. सासूला तिनं काही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी तिच्या मनात एवढंच होतं, की गाडी आली, म्हणजे तेही आले. दुसऱ्या दिवशी त्यातूनच दुसरा विचार फुटला. गाडी आली, मग माणूस घरी का आला नाही? कल्याण काही सात समुद्रांपलीकडे नाही. दुसरी बाई केली असेल. त्या कँपातच संसार थाटला असेल आणि आपण इथं दाभणानं बोटं भोकसून घेत म्हातारीला सांभाळतोय. सीटमध्ये काथ्या भरता भरता तिनं दौलतला मनातल्या मनात आयुष्यात दिल्या नव्हत्या एवढ्या शिव्या दिल्या. काम मात्र तिनं नेहमीसारखंच केलं. एक टाका ढिला सोडला नाही.

गुरुवारी तो सिंधी आला. टेकचंद त्याचं नाव. सीट हातानं दाबून पाहिली, खूश झाला. विश्रामकाका घसा खाकरून म्हणाला, "शेठ, ही गाडी तुमच्याकडे कुठून आली?"

टेकचंदचा चेहरा बदलला. निर्वासिताला असला प्रश्न कोणी विचारला, की त्यामागं काय येतं ते त्यानं चार वर्षांत पाहिलं होतं. "गाडी माझी आहे. चोरीची नाही. कागज आहे माझ्याकडे."

"तसं नाही हो..."

गोदा पुढं झाली. "मला गाडी नको. गाडी चालवणारा कुठंय, तेवढं सांगा."

"चालवणारा? मीच चालवतो, बहेन."

"तुमच्या आधी चालवत होते ते. उस्मानशेठचे ड्रायव्हर."

"कोण? नाव काय?"

लग्न झाल्यापासून गोदानं ते नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. ती म्हणाली, "दौलत."

टेकचंदनं गाडीच्या मडगार्डाला हात टेकला. मग तिथंच, काथ्याच्या ढिगावर, कोट सांभाळायचंही न सुचता बसला.

"तुम्ही त्याचे कोण?" त्यानं विचारलं, पण उत्तर त्याला दिसतच होतं. "आम्ही किती शोधलं तुम्हाला. माझी आई अजून विचारते."

त्यानं सांगितलं ते असं. कराचीत उस्मानशेठच्या जावयाचं घर त्याच्या शेजारी होतं. हवा बिघडत चालली तशी टेकचंदनं निघायची तयारी केली. त्याचं घर जावयानं घेतलं, त्याच्या बदल्यात गाडी टेकचंदला मिळाली. शेठ म्हणाले, दौलतला घरी जायचंच आहे, तो गाडी बोटीवर चढवेल आणि तिकडं उतरल्यावर तुम्हाला मुंबईपर्यंत पोचवेल. दंगलीच्या आधीच ते निघाले. टेकचंद, त्याची आई, बायको आणि दौलत. बोट काठेवाडातल्या ओख्याला लागायची होती. माणसं एकमेकांच्या अंगावर बसली होती, पाणी खराब होतं. बोटीवर पटकी सुरू झाली.

"संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या," टेकचंद म्हणाला. "सकाळी गेला. बोटवाल्यांनी ठेवू दिलं नाही. साथीचं मढं ठेवत नाहीत. समुद्रात..." त्यानं हात जोडले. "मी नारळ टाकला. मंतर म्हणायला कोणी नव्हतं. माझ्या आईनं जे येतं ते म्हटलं."

गोदा उभी होती तशीच उभी राहिली. विश्रामकाकाच विचारता झाला, "मग चार वर्षं कळवलं का नाही, बाबा? कल्याणात राहता तुम्ही."

"कल्याणातच तर शोधलं, काका. शेठ कल्याणचे, म्हणून तोही कल्याणचा. प्रत्येक वखारीत गेलो. एक म्हातारा हमाल म्हणाला, दौलत ना, तो महाडकडचा, घरचे तिकडंच असतील. महाडला मी कोणाला विचारणार?" मग खाली बघून म्हणाला, "रात्री ग्लानीत तो सारखा एकच म्हणायचा. थाणा. थाणा जाना है. आमच्याकडे थाना म्हणजे पोलीस चौकी. आम्हाला वाटलं, ह्याला पोलिसांची भीती वाटतेय. आई त्याला समजावायची, बेटा, कोई नहीं ले जाएगा थाने. मी तर या आठवड्यात पहिल्यांदा सीटसाठी इथं आलोय. बोर्डावर नाव वाचलं, तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही."

गोदाच्या तोंडून आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. कोणी पाठीत धपका घातल्यावर निघतो तसा होता. ती शेडीच्या मागं गेली. काकानं टेकचंदला खुणेनं बसवून ठेवलं. तिच्या मनात दौलतचं मरण अजून शिरलंच नव्हतं. तिथं फक्त दोन दिवस दिलेल्या शिव्या होत्या. तो घरी यायला तळमळला, घरचं नाव घेऊन घेऊन गेला, आणि आपण त्याला ह्या अंगणात बसून काय काय म्हटलं.

गंगुबाईला सांगायला विश्रामकाका बरोबर गेला. म्हातारी तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सूप पुढं ओढलं. "कोणी पाहिलं?" ती म्हणाली. "सिंध्यानं सांगितलं, म्हणून माझा मुलगा मेला? दुसरा कोणी दौलत असेल." काकानं पट्टीचं सांगितलं, नंबराचं सांगितलं. "नंबर गाडीचा जुळला ना? माणसाचा कुठं जुळलाय?" गोदानं मोरीत जाऊन कपाळ धुतलं आणि ती बाहेर आली. गंगुबाईनं तिच्या रिकाम्या कपाळाकडे पाहिलं. पुन्हा तांदळात बोटं घातली.

दोन दिवस गंगुबाई तशीच होती. रडली नाही, सुतकाचं स्नान केलं नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी, टेकचंद आपल्या आईला घेऊन आला. म्हातारी वाळकी, गोरी, डोक्यावरून पांढरी ओढणी. जिना चढताना दोनदा थांबली. खोलीत आली ती कोणाला न विचारता गंगुबाईच्या समोर फरशीवर बसली आणि तिचा हात हातात घेऊन बोलायला लागली. सिंधीतच. गंगुबाईला एक शब्द कळत नव्हता, पण तिनं हात सोडवून घेतला नाही.

"काय म्हणते ही?" तिनं टेकचंदला विचारलं.

"म्हणते, त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शेवटपर्यंत. पाणी मी पाजलं."

गंगुबाई म्हणाली, "पौषातली थंडी. बोटीवर वारा असेल. अंगावर काय होतं त्याच्या? तो इथनं गेला तेव्हा एक सदरा आणि लाकूडवाल्यानं दिलेला कोट होता. कोटाला अस्तर नव्हतं. मी म्हटलं होतं, घालून देते."

टेकचंदनं आईला विचारलं. म्हातारीनं ओढणीचं टोक दोन्ही हातांनी धरून दाखवलं, गोधडी पसरावी तसं, आणि मग गुंडाळून दाखवलं.

"आमच्याकडे रल्ली म्हणतात, तुकड्यांची शिवलेली. आईच्या लग्नातली होती. ती त्याला पांघरली होती. सोडतानाही त्याच्यातच सोडला."

"उघडा नाही सोडला?"

"नाही, माई. गुंडाळलेला होता."

तेव्हा गंगुबाई रडली. चार वर्षांचं रडली. टेकचंदची आई तिला धरून बसली आणि तीही रडली. तिचं स्वतःचं कोण कोण तिकडं राहिलं होतं ते तिलाच ठाऊक. शेजारची शेवंती दारातून हे पाहून परत गेली आणि थोड्या वेळानं पिठलं-भाताची पातेली आणून ठेवली. ज्या घरात कोणी गेलंय तिथं चूल पेटवायची नसते. दोन्ही म्हाताऱ्यांनी एका पंगतीला बसून चार घास खाल्ले. चाळीत काहींनी नाकं मुरडली. गंगुबाईनं तिकडं पाहिलं नाही.

निघताना गोदा त्यांना खाली पोचवायला गेली. म्हातारीला गाडीत बसवून टेकचंद वळला, तेव्हा तिनं विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाले होते का?"

टेकचंदला खोटं बोलता आलं असतं. त्यानं क्षणभर तसा विचारही केला असावा. "बहेन, वेळच मिळाला नाही. त्याच्या आधी बोटीवर दिवसभर तो गाडीपाशीच होता. दोर सैल होतील, गाडी घसरेल, याची काळजी. मला सांगत होता, ह्या गाडीला जपा. बायको आहे एवढंच म्हणाला होता. नाव नाही सांगितलं."

"बरं झालं खरं सांगितलंत," गोदा म्हणाली.

गाडी गेली. मागून सामान भरलेला एक टांगा आला, म्हणून ती बाजूला झाली आणि मग जिना चढून वर आली. गंगुबाई भिंतीला टेकून बसली होती. उष्टी ताटं तशीच होती.

"गोदे," म्हातारी म्हणाली, "मी तुला चार वर्षं बांधून घातली. आता माझा काही हक्क नाही तुझ्यावर. तुझा भाऊ आहे गावाला. जावंसं वाटलं तर जा. तिशीच्या आत आहेस अजून."

गोदानं ताटं गोळा केली आणि मोरीशी बसून राखेनं घासायला घेतली. "भावाकडे तीन पोरं आहेत," ती म्हणाली. "आणि उद्या काकाकडे दोन सीटा यायच्यात."

गंगुबाई भिंतीचा आधार घेत उठली, मोरीशी आली, पदर खोचून शेजारी टेकली, आणि गोदानं घासून ठेवलेली ताटं एकेक करून विसळायला लागली.